तार उतरल्याचे कळते ते वय

मुलाच्या हाती वाद्य कोणत्या वयात द्यावे, या प्रश्नाला सातारा-सांगलीकडच्या घरांत सहसा आकड्यातच उत्तर हवे असते. कोणी पाच म्हणते, कोणी सात, कोणी मुंजीचे वय म्हणून आठ, आणि शेजारचे मूल चौथ्या वर्षीच तबल्याच्या वर्गाला जाऊ लागले असेल तर आपले मूल मागे पडले की काय, अशी धास्तीही त्या विचारण्यामागे असते. आकडा सांगणे अवघड नाही, परंतु कान आणि हात ही दोन निरनिराळ्या गतीने वाढणारी इंद्रिये एकाच आकड्यात कोंबली गेल्यामुळे तो सांगून प्रश्न सुटत नाही. कान जन्मापासून, किंबहुना त्याच्याही आधीपासून कामाला लागलेला असतो, आणि हात मात्र आठ-दहा वर्षांपर्यंत वाद्याच्या मापाला पुरत नाही. या दोहोंतले अंतर कशाने भरून काढायचे, हा खरा प्रश्न आहे, आणि त्याचा विचार करण्यासाठी कृष्णाकाठच्या या दोन जिल्ह्यांइतकी सोयीची जागा महाराष्ट्रात दुसरी नाही, कारण येथे वाद्ये वाजवली जातात तशी ती घडवलीही जातात.

मिरजेत सतार आणि तंबोरा बनवण्याचा व्यवसाय एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून चालत आला आहे. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातल्या फरीदसाहेबांपासून त्याची सुरुवात मानली जाते, त्यांच्या वंशजांना सतारमेकर हेच आडनाव पडले, आणि २०२४ साली मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन, म्हणजे विशिष्ट ठिकाणच्या विशिष्ट कारागिरीला कायद्याने दिलेली ओळख, मिळाली. पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूला पिकणारे मोठे भोपळे वाळवून, त्यांवर तून जातीच्या लाकडाची तबली आणि दांडी चढवून ही वाद्ये तयार होतात. तंबोरा मागायला आलेल्या गिऱ्हाइकाला कारागीर गाणाऱ्याची पट्टी विचारतो, म्हणजे त्याचा षड्ज कोणत्या उंचीवर लागतो ते विचारतो, आणि त्या मानाने भोपळ्याचा घेर व दांडीची लांबी ठरते; पुरुषी आवाजाचा तंबोरा उभा केला की पाच फुटांच्या आसपास जातो, बायकी आवाजाचा त्याहून आखूड असतो. गाणाऱ्याचे वय त्या विचारपुशीत येत नाही. वाद्य आवाजाच्या मापाने घडते, आणि लहान मुलाचा आवाज तर काही वर्षांत बदलणारच असतो.

हाताची बाजू आधी उरकून घ्यावी, कारण तिच्यात मतभेदाला फारशी जागा नाही. पूर्ण मापाची सतार सुमारे चार फूट लांब असते, तिचा भोपळा उजव्या कोपराखाली दाबून धरावा लागतो आणि त्याच वेळी डाव्या हाताची तर्जनी व मधले बोट दांडीच्या वरच्या टोकापर्यंत सहज फिरावे लागते, आणि सहा वर्षांच्या मुलाला हे शरीराच्या मापामुळेच जमत नाही. नखी, म्हणजे उजव्या तर्जनीवर चढवायचे तारेचे टोकदार कडे, सैल बसली तर वाजवताना फिरते आणि घट्ट बसली तर बोटाचे टोक पांढरे पडते. मींड काढताना, म्हणजे पडद्यावर दाबलेली तार बाजूला ओढून पुढचा स्वर गाठताना, डाव्या बोटाच्या पेरावर तारेची खाच पडते, ती दुखते, आणि कातडी निबर होईपर्यंत काही आठवडे दुखतच राहते. नऊ-दहा वर्षांचे मूल हे दुखणे अभिमानाने मिरवते, पाच वर्षांचे मूल वाद्यापासून दूर पळते. व्हायोलिनची गोष्ट वेगळी आहे, कारण ते पाव, अर्धे, पाऊण अशा मापांत आणि त्याहूनही लहान आकारांत मिळते, त्यामुळे हाताची सबब तेथे चालत नाही. सनईसारख्या तोंडाने फुंकायच्या वाद्याला पुढचे कायमचे दात येऊन स्थिरावलेले असलेले बरे, म्हणजे साधारण आठव्या वर्षानंतर. तबल्यात लहान तळहाताला डग्ग्यावरचे घिसकाम अवघड जाते, पण बोल तोंडाने म्हणण्याला, ज्याला पढंत म्हणतात, वयाची अट नाही, आणि टाळी-खालीसह त्रितालाची सोळा मात्रांची पढंत करणारी चार वर्षांची मुले कोणत्याही चांगल्या वर्गात आढळतात.

पढंतीचे हे उदाहरण कानाच्या बाजूकडे नेते. तबल्याच्या शिक्षकांनी पिढ्यान्पिढ्या जे केले, म्हणजे वाद्यावर हात पडण्याआधी बोल जिभेवर आणि लय अंगात बसवणे, त्याला स्वरवाद्यांच्या शिक्षणात काय तोड आहे? ती तंबोऱ्यात आहे असे ठामपणे म्हणता येते. तंबोरा छेडायला कौशल्य जवळजवळ लागत नाही. उजव्या हाताच्या मधल्या बोटाने पहिली तार आणि तर्जनीने उरलेल्या तीन तारा क्रमाने सोडायच्या, एवढेच काम, आणि वाद्य मांडीसमोर आडवे ठेवले तर पाच वर्षांचे मूलही ते करू शकते. चार तारांपैकी पहिली पंचमात किंवा मध्यमात, मधल्या दोन षड्जात आणि शेवटची जाड तार खर्जात, म्हणजे खालच्या सप्तकातल्या षड्जात, लावलेली असते. मधल्या दोन तारांना जोडी म्हणतात, त्या दोन्ही नेमक्या एकाच स्वरात मिळाव्या लागतात, आणि मुलाच्या कानाची परीक्षा घेण्याची सर्वांत सोपी जागा हीच आहे.

शिक्षकाने जोडीची एक तार पक्की मिळवावी आणि दुसऱ्या तारेचा मणी, जो घोडीपलीकडे तार बारीकशी चढवण्या-उतरवण्यासाठी ओवलेला असतो, केसभर सरकवावा. दोन्ही तारा एकापाठोपाठ छेडल्या की त्यांच्या एकत्र नादात एक लाट ऐकू येते, आवाज किंचित वाढतो, ओसरतो, पुन्हा वाढतो. मणी योग्य दिशेने सरकवत नेला तर ती लाट हळू होत जाते आणि तारा मिळाल्या की नाहीशी होते. पहिल्या काही बैठकांत मुलाला यातले काही कळत नाही, दोन्ही वेळा ते सारखेच आहे म्हणून सांगते. काही महिन्यांनी, रोज न चुकता कानावर पडत राहिले तर, एक दिवस ते तोंड वाकडे करते. तार उतरली आहे हे त्याला शब्दांत सांगता येत नसेल, पण ते खटकलेले असते, आणि वाद्य शिकवायला सुरुवात करण्याची खूण हीच मानायला हवी. एखाद्या मुलात ती पाचव्या वर्षी दिसेल, एखाद्यात नवव्या. ज्याच्या घरी पहाटे काकडा आणि संध्याकाळी भजन होते त्याच्यात बहुधा आधी दिसेल. ही खूण दिसण्यापूर्वी सतार किंवा व्हायोलिन हाती दिले तर मूल बोटे कोठे ठेवायची ते शिकते, पण बोटाखालून निघालेला स्वर बरोबर की चूक हे त्याला दुसऱ्याने सांगावे लागते, आणि ही परावलंबी सवय पुढे सुटणे फार कठीण जाते.

या दृष्टीने हार्मोनिअम हे पहिले वाद्य म्हणून देण्याच्या सर्रास प्रथेकडे पुन्हा पाहायला हवे. पेटी घरात असते, भाता हलवला की आवाज येतो, पट्टी दाबली की स्वर तयार मिळतो, आणि पालकांना आठवड्याभरात एखादे गाणे ऐकायला मिळते. या सोयी खोट्या नाहीत. परंतु पेटीची तार उतरत नाही, कारण तिला तारच नाही, आणि म्हणून न मिळालेला स्वर मिळवण्याची वेळ मुलावर कधी येत नाही. शिवाय पेटीतले सप्तक बारा सारख्या अंतरांत विभागलेले असते, त्यामुळे तिचा शुद्ध गांधार तंबोऱ्याच्या खर्जातून आपोआप उमटणाऱ्या गांधारापेक्षा, ज्याला स्वयंभू गांधार म्हणतात, थोडा चढा असतो. या बारीक फरकावर सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी आयुष्याचा उत्तरार्ध वेचला. हिंदुस्थानी संगीतातल्या बावीस श्रुतींवरचे त्यांचे इंग्रजी पुस्तक १९१० साली निघाले, त्यांच्या प्रयोगांना अब्दुल करीम खाँ यांच्या गळ्याचे साहाय्य होते आणि त्यातून श्रुतींची वेगळी हार्मोनिअम बनवण्याचे प्रयत्नही झाले. पुढे ऑल इंडिया रेडिओने १९४० पासून सुमारे तीन दशके हार्मोनिअमला आपल्या कार्यक्रमांतून वगळले, ते टोकाचे होते आणि गोविंदराव टेंबे यांच्यासारख्या कलावंतांनी त्या वाद्यातून काय काढून दाखवले हे पाहता अन्यायाचेही होते. तरी कान तयार झाल्यावर पेटी घेणे आणि पेटीवर कान तयार करणे या दोन गोष्टी एक नव्हेत, एवढे देवलांच्या खटपटीतून नक्की शिकता येते.

वयाचा प्रश्न आज ज्या स्वरूपात विचारला जातो ते स्वरूप त्याला कधी आले, हेही पाहण्याजोगे आहे. गुरूच्या घरी राहून शिकण्याच्या पद्धतीत वय हे मोजमाप नव्हते. घराण्यातले मूल रांगता रांगता ऐकत मोठे होई, बाहेरून आलेला शिष्य मिसरूड फुटल्यावरही येई आणि पाणी भरणे, तंबोरा धरणे यांपासून सुरुवात करी. मिरजेला गायक बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर (१८४९–१९२६) यांच्याकडे विष्णु दिगंबर पलुस्कर आले ते असेच, वयाच्या पंधराव्या वर्षाच्या सुमारास. १८७२ साली कुरुंदवाडला जन्मलेल्या या मुलाच्या डोळ्यांना फटाक्याने इजा झाली, शाळेचा रस्ता बंद झाला आणि म्हणून संगीताचा धरला गेला. आजच्या पालकांच्या हिशोबाने पंधरा म्हणजे फार उशीर. पण पलुस्करांचे वडील कीर्तनकार होते, आणि कीर्तनकाराच्या घरातल्या मुलाच्या कानाने पंधरा वर्षांत काय काय साठवलेले असते याचा हिशोब केला, तर मिरजेत सुरू झाले ते गळ्याचे शिक्षण, कानाचे कितीतरी आधी होऊन चुकले होते, असेच म्हणावे लागते.

याच पलुस्करांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, आणि तेथून संगीताला वर्ग, इयत्ता, क्रमिक पुस्तक, स्वरलिपी आणि परीक्षा लाभली. १८९८ साली मिरजेत जन्मलेले विनायकराव पटवर्धन १९०७ साली, नवव्या वर्षी, लाहोरला त्यांच्याकडे गेले; गुरूने पंधराव्या वर्षी सुरू केले ते शिष्याने नवव्या वर्षी, आणि दोघांचेही मोठेपण वादातीत आहे. पलुस्करांचे निधन १९३१ साली मिरजेतच झाले, त्याच वर्षी त्यांच्या शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले, आणि मंडळाच्या प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद या परीक्षांची उतरंड आज गावोगावच्या गायन-वादन वर्गांचे वेळापत्रक ठरवते. सामान्य घरातल्या, विशेषतः मुलींच्या हाती तंबोरा आणि सतार येण्याचा मार्ग या व्यवस्थेने मोकळा केला, हे तिचे ऋण फेडता येण्याजोगे नाही. मात्र इयत्ता आली की इयत्तेचे वय येते, आणि प्रारंभिक सातव्या वर्षी व्हायची असेल तर सहाव्या वर्षी सुरुवात हवी, असा उलटा हिशोब घराघरांत मांडला जातो. या हिशोबात तार उतरल्याचे कळण्याला कोठेच गुण नाहीत, कारण लहान परीक्षार्थीचे वाद्य परीक्षेच्या दिवशी शिक्षकच मिळवून देतात.

सातारा जिल्ह्यातल्या औंधचे उदाहरण या संदर्भात फार बोलके आहे. किन्हईचे अनंत मनोहर जोशी, म्हणजे अंतूबुवा, हे बाळकृष्णबुवांचे शिष्य आणि औंध संस्थानचे गायक. त्यांचे चिरंजीव गजाननबुवा (१९११–१९८७) यांना गाण्याची तालीम बालपणापासून वडिलांकडून मिळाली, पण व्हायोलिन त्यांनी बहुतांशी स्वतःच्या प्रयत्नाने साध्य केले आणि त्या वाद्याच्या देशातल्या अग्रगण्य वादकांत त्यांची गणना झाली. व्हायोलिनच्या पट्टीवर पडदे नसतात, स्वराची जागा केवळ कानाने सापडावी लागते, आणि शिक्षकाविना ती सापडली याचे कारण ख्यालातला प्रत्येक स्वर आधीच त्यांच्या कानात आणि गळ्यात पक्का होता. १९४० साली अंतूबुवांनी आपल्या आध्यात्मिक गुरूंच्या स्मरणार्थ औंधला सुरू केलेला संगीत महोत्सव आजही होतो. मिरजेत ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यात उरुसाच्या वेळी अब्दुल करीम खाँ यांच्या स्मरणार्थ चिंचेच्या झाडाखाली होणाऱ्या मैफलींची परंपराही तशीच, कोणालाही येऊन बसता येईल अशी. आईच्या मांडीवर अर्धवट झोपेत ऐकलेल्या अशा एका रात्रीचे मोल चौथ्या वर्षी घेतलेल्या वर्षभराच्या शिकवणीपेक्षा जास्त मानावे, आणि त्याला पैसेही पडत नाहीत.

शास्त्रीय संगीताच्या बाहेर तर वयाचा प्रश्न अजूनही उद्भवत नाही. माणदेशातल्या होलार वाजंत्र्यांच्या ताफ्यात सनईच्या जोडीला सूर असतो, म्हणजे एकच स्वर अखंड धरून ठेवणारी साथीची सनई, आणि घरातल्या पोराने प्रथम हा सूर धरायचा असतो. गालात हवा साठवून, नाकाने श्वास घेत, आवाज तुटू न देता एकाच स्वरावर तासन्‌तास राहायचे, आणि शेजारी बाप किंवा चुलता त्या स्वराच्या आधाराने वाजवतो ते ऐकायचे. तंबोऱ्याचे जे काम तेच येथे मुलाच्या श्वासाने होते. ज्ञानोबांची पालखी लोणंद, तरडगाव, फलटण असा सातारा जिल्हा ओलांडते तेव्हा दिंडीत हातात टाळ घेतलेली लहान पोरे दिसतात, आणि गावच्या भजनी मंडळात पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक लावताना तीच पोरे भोवती बसलेली असतात. कणीक वाढवली की आवाज खाली जातो, थोडी काढली की वर येतो, हे त्यांना कोणी शिकवत नाही, तरी पखवाजाचा हात सुरू होण्याआधीच पखवाज मिळाला की नाही हे त्यांना कळू लागते. जातीने लादलेल्या व्यवसायाची आणि त्यातल्या उपेक्षेची बाजू येथे विसरून चालणार नाही, आणि सूर धरणाऱ्या त्या मुलाची शाळा बुडत असेल तर ते शिक्षण कौतुकाचे नाही. पण शिकवण्याचा क्रम म्हणून या घरांनी जे जपले आहे ते वर्गांनी उचलण्याजोगे आहे.

आधुनिक संशोधन या क्रमाला बऱ्याच अंशी दुजोरा देते. गॉटफ्रीड श्लाउग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली दाखवले की सात वर्षांच्या आत सुरुवात केलेल्या वादकांत मेंदूच्या डाव्या-उजव्या गोलार्धांना जोडणाऱ्या तंतुपट्ट्याचा पुढचा भाग इतरांहून मोठा असतो. एरिन हॅनन आणि सँड्रा ट्रेहब यांच्या २००५ मधल्या अभ्यासांत सहा महिन्यांच्या उत्तर अमेरिकन बाळांना बाल्कन प्रदेशातल्या विषम लयींतले बदल ओळखता आले, जे उत्तर अमेरिकन प्रौढांना जमत नव्हते, आणि वर्षाच्या सुमारास ही क्षमता ओसरू लागली. पहिल्या निष्कर्षाचा उपयोग धाक दाखवण्यासाठी अधिक होतो. त्याहून दुसरा मोलाचा आहे, कारण झपतालाच्या दहा आणि रूपकाच्या सात मात्रा कानावर पडण्याचे वय पाळण्यातले आहे असे त्यावरून दिसते. निरपेक्ष स्वरज्ञान, म्हणजे दुसऱ्या स्वराच्या आधाराविना ऐकलेला स्वर ओळखण्याची शक्ती, सहसा सहा-सात वर्षांच्या आत सुरुवात केलेल्यांतच आढळते, असेही सांगितले जाते. परंतु ज्या संगीतात षड्ज प्रत्येकाने आपल्या आवाजाप्रमाणे निवडायचा असतो, तेथे स्वरांचे परस्परांशी असलेले नातेच महत्त्वाचे, आणि ते ओळखण्याची शक्ती कोणत्याही वयात वाढवता येते. जपानमध्ये शिनिची सुझुकी यांनी मात्सुमोतो शहरात १९४६ पासून तीन-चार वर्षांच्या मुलांना व्हायोलिन शिकवून जगाला थक्क केले, पण त्यांच्या पद्धतीत आधी घरात ध्वनिमुद्रिका सतत वाजत, आधी आई वाद्य धरायला शिके, आणि मूल ते पाहून स्वतः मागेपर्यंत वाट पाहिली जाई, हे सांगायचे बहुधा राहून जाते.

सुरुवातीच्या वयावर एवढी चर्चा होत असताना वाद्य खाली ठेवले जाण्याच्या वयाकडे मात्र कोणाचे लक्ष जात नाही. मोठ्या संख्येने मुले नववी-दहावीत वर्ग सोडतात, सतार गवसणीत जाते, आणि चार-पाच वर्षांची मेहनत तेथेच थांबते. पलुस्कर मिरजेला आले ते नेमके या वयात. सहाव्या वर्षी घाईने सुरू करून चौदाव्या वर्षी सोडण्यापेक्षा दहाव्या वर्षी सुरू करून दहावीचे वर्ष कसेबसे निभावणे कितीतरी पटीने हिताचे, कारण हात आणि कान दोन्ही त्या सुमारास पूर्ण ताकदीला येतात आणि विलंबित लयीत थांबून राहण्याचा दमही तेव्हाच अंगी येऊ लागतो. शिक्षक आणि पालक यांनी मिळून त्या एका वर्षापुरती मागणी कमी करावी: नवा राग नाही, परीक्षेचा फॉर्म नाही, आठवड्यातून दोनदा वाद्य स्वतः मिळवायचे आणि येत असलेली एखादी गत वाजवायची. सतारीच्या बाजाच्या आणि जोडीच्या तारा, चिकारी, आणि पडद्यांखालून गेलेल्या अकरा ते तेरा तरफा, म्हणजे न छेडता अनुनादाने वाजणाऱ्या बारीक तारा, एवढे सगळे स्वरात आणायला सरावाच्या हाताला पंधरा-वीस मिनिटे पुरतात, आणि दहावीच्या मुलाला तेवढा वेळ काढता येतो.